प्रकल्प पार पडल्यानंतर : हमरापूर परिसरातील शाळांसाठी एक अभ्यास-पाठ

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जिते आणि पेण या स्थानकांच्या मध्ये हमरापूर हे लहानसे स्थानक लागते. गणेशमूर्तींच्या संदर्भात महाराष्ट्रात सर्वत्र पेणचेच नाव घेतले जाते. परंतु पेणच्या नावाने दूरदूरच्या बाजारपेठांत पोहोचणाऱ्या मूर्तींचा फार मोठा भाग पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांमध्ये तयार होतो. या गावांत ज्याला 'कारखाना' म्हणतात तो बहुधा घराची पडवी, अंगणातील मांडव किंवा शेताच्या कडेला उभारलेली पत्र्याची शेड असतो. साचे भरणे, मूर्ती सुकविणे, पॉलिश पेपरने घासून ती गुळगुळीत करणे ही कामे घरातील माणसे आणि गावातील मजूर, त्यांतही स्त्रिया मोठ्या संख्येने, करीत असतात. भाद्रपदातील काही दिवसांचा उत्सव हा या गावांच्या दृष्टीने जवळजवळ वर्षभराचा रोजगार आहे.

अशा गावातील शाळेत विद्यार्थ्यांच्या गटाने 'शाळा व परिसर यांची सुधारणा' हा प्रकल्प हाती घ्यावयाचा ठरविले, तर परिसर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हा प्रश्न प्रथम उभा राहतो. शाळेच्या कुंपणाशी तो थांबविला तर काम सोपे होते. चार झाडे लावावीत, भिंतींवर चित्रे काढावीत, पिण्याच्या पाण्याच्या टाकीभोवती ओटा बांधावा. छायाचित्र काढता येते, अहवाल लिहिता येतो आणि वरिष्ठ कार्यालयाला तो पाठविता येतो. परंतु विद्यार्थी सकाळी ज्या पडवीतून निघतो आणि सायंकाळी ज्या पडवीत परततो, तीही शाळेच्या समाजाचाच भाग होय. प्रकल्प तेथवर गेला की त्याचे यशापयश मोजणे कठीण होते, आणि म्हणूनच ते मोजण्याला अर्थ येतो. प्रकल्प कसा आखावा याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तो पार पडल्यानंतर विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आणि गावाने मागे वळून त्याच्याकडे कसे पाहावे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. प्रस्तुत पाठाचा रोख तिकडे आहे.

गळून पडलेली पायरी

'प्रकल्प पद्धती' हा शब्दप्रयोग शिक्षणशास्त्रात रूढ केला तो अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम किलपॅट्रिक यांच्या १९१८ सालच्या निबंधाने. त्यांनी प्रकल्पाच्या चार पायऱ्या मानल्या होत्या : हेतू ठरविणे, योजना करणे, ती अमलात आणणे आणि शेवटी केलेल्या कामाचे परीक्षण करणे. या चारही गोष्टी विद्यार्थ्यांनी स्वतः कराव्यात असा त्यांचा आग्रह होता. आपल्या शाळांतून ही पद्धत आली तेव्हा पहिल्या दोन पायऱ्या शिक्षकांकडे गेल्या, तिसरी विद्यार्थ्यांकडे राहिली आणि चौथी गळूनच पडली. परीक्षण म्हणजे गुण देणे, असा तिचा अर्थ झाला.

वास्तविक महाराष्ट्राला ही कल्पना परकी नव्हती. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली आणि तिच्या पाठोपाठ डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने जो अहवाल दिला, त्यातून मूलोद्योग हा शिक्षणाचा कणा मानणारी नयी तालीम उभी राहिली. सेवाग्रामच्या शाळेत स्वच्छता, स्वयंपाक, कताई, शेती या कामांची जबाबदारी मुले पाळीपाळीने घेत आणि केलेल्या कामाचा हिशेब सर्वांसमोर मांडीत. किती सूत निघाले, किती वाया गेले, स्वयंपाकघरात धान्य किती लागले, या नोंदी म्हणजेच तेथील गणित आणि तेथील परीक्षा. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहांतून सर्व जातींची मुले एकत्र राहून कष्ट करीत शिकली, तेव्हा त्या कष्टांचे फळ त्यांच्या रोजच्या ताटातच दिसत असे. काम आणि त्याचा परिणाम यांच्यामधील अंतर इतके थोडे असले म्हणजे परीक्षणासाठी वेगळा तास लागत नाही.

पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे नवे नाव दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ आणि २००३ च्या आदेशांनंतर पर्यावरण शिक्षण अनिवार्य झाले आणि त्याबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरात प्रकल्पाची वही आली. या वह्यांचे पुढे काय झाले हे शिक्षकांना सांगावयास नको. 'ध्वनिप्रदूषण', 'पाण्याचे महत्त्व', 'माझ्या गावातील वृक्ष' अशा विषयांवरील तयार प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानात विकत मिळू लागले. निष्कर्षही छापलेलेच असत. गावात वृक्ष असोत वा नसोत, निष्कर्षात फरक पडत नसे. १९९३ पासून भरत आलेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने मात्र वेगळा पायंडा पाडला. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी गट करून आपल्याच परिसरातील प्रश्न घ्यावा, रोजच्या नोंदींची वही ठेवावी आणि परीक्षकांनी त्या वहीवरून प्रश्न विचारावेत, अशी तिची पद्धत. नोंदवहीला मान देणारी ही पद्धत चौथ्या पायरीच्या सर्वांत जवळची आहे.

पोस्टर आणि पडवी

आता हमरापूरकडे वळू. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास राज्यातील असंख्य शाळांतून 'पर्यावरणपूरक गणेशोत्सव' हा विषय घेतला जातो. मुले शाडूच्या मूर्ती करतात, प्रभातफेरी काढतात, 'प्लास्टर ऑफ पॅरिस टाळा' अशी पोस्टरे रंगवितात. मूर्ती विकत घेणाऱ्या शहरात या उपक्रमाला काही अर्थ आहे. तीच फेरी, तेच पोस्टर हमरापूरच्या रस्त्यावरून नेले तर काय होईल? ज्या मुलीच्या हातात पोस्टर आहे तिची आई त्याच वेळी एखाद्या शेडमध्ये रबरी साच्यात प्लास्टर आणि काथ्या भरीत असण्याचा संभव मोठा आहे. शाळा त्या मुलीला घराविरुद्ध उभी करते, किंवा, जे अधिक वेळा घडते, पोस्टरावरील मजकूर खरा मानावयाचा नसतो एवढेच तिला शिकविते. दोन्हींपैकी कोणत्याही धड्यासाठी शाळेची गरज नाही.

या प्रश्नाची बाजू समजून घेण्यासाठी थोडा कायद्याचा इतिहास पाहिला पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती-विसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. १२ मे २०२० च्या सुधारित सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई करण्यात आली. मात्र त्या वर्षापुरती अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या सूचनांचे काटेकोर पालन व्हावे असा अंतरिम आदेश दिला. ९ जून २०२५ रोजी न्यायालयाने अशा मूर्ती तयार करण्यास व विकण्यास मोकळीक दिली, परंतु न्यायालयाच्या परवानगीवाचून नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन करता येणार नाही असे बजावले. २४ जुलै २०२५ च्या आदेशाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करणे मार्च २०२६ पर्यंत बंधनकारक ठरले. जानेवारी ते जून या काळात, म्हणजे हंगामाच्या ऐन तयारीत, हमरापूरच्या घरांना तयार केलेला माल विकता येईल की नाही हेच ठाऊक नव्हते. वर्गातील मुलांनी त्या महिन्यांत घरी काय ऐकले असेल याची कल्पना करता येते. शाळेच्या समाजाचा याहून जिवंत प्रश्न दुसरा कोणता शोधावयाचा?

आणि हा प्रश्न एकेरी नाही. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते. शाडूची मूर्ती सुकावयास कित्येक दिवस लागतात, आणि कोकणातील पावसाळ्यात तर अधिकच. शाडूची माती गुजरातेतून आणावी लागते. तिची मूर्ती वजनाला जड आणि वाहतुकीत नाजूक. उलट प्लास्टरची मूर्ती हलकी आणि टिकाऊ. आणि तिचा टिकाऊपणा हाच विसर्जनानंतर तिचा दोष ठरतो. या गोष्टी पुस्तकात शोधण्याची गरज नाही. गावातील कोणतीही जाणती कारागीर स्त्री त्या पाच मिनिटांत सांगू शकते; शाळेने तिला त्या अजून विचारलेल्या नसतात इतकेच.

एक संभाव्य प्रकल्प

विवेचन हवेत राहू नये म्हणून येथे एक नमुना मांडीत आहे. इयत्ता आठवी-नववीच्या गटाला पेलेल, खर्च थोडा येईल आणि ज्याचा निकाल आधी ठरलेला नाही, असा हा विषय आहे : कारखान्यांतून निघणाऱ्या फुटक्या, सदोष, टाकाऊ प्लास्टरचे काय करता येईल?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळविण्याची पद्धत विकसित केली आणि २०१६ च्या सुमारास पुणे महानगरपालिकेने ती नागरिकांपर्यंत नेली. अमोनियम बायकार्बोनेट म्हणजे बेकरीत बिस्किटे फुलविण्यासाठी वापरतात तोच अमोनिया. घट्ट झालेले प्लास्टर म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत जिप्सम, अर्थात पाण्यासह असलेले कॅल्शियम सल्फेट. साध्या पाण्यात ते एका लिटरला सुमारे दोन ग्रॅम इतकेच विरघळते. म्हणून तलावात पडलेली मूर्ती महिनोन्महिने तशीच राहते. अमोनियम बायकार्बोनेटशी त्याची क्रिया झाली म्हणजे खाली कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा, साका बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरते. हे अमोनियम सल्फेट शेतकऱ्याच्या परिचयाचे नत्रखत आहे.

येथे विज्ञानाच्या आणि गणिताच्या शिक्षकांना एकत्र बसता येईल. जिप्समच्या १७२ भागांना अमोनियम बायकार्बोनेटचे १५८ भाग लागतात. त्यातून अमोनियम सल्फेटचे १३२ आणि कॅल्शियम कार्बोनेटचे १०० भाग मिळतात. म्हणजे एक किलो टाकाऊ प्लास्टरला ढोबळमानाने तितकेच रसायन हवे आणि मिळणारे खत हिशेबाने पाऊण किलोच्या आसपास. शहरातील रंगविलेल्या मूर्तींपेक्षा हमरापूरला एक सोय अशी की येथील तुटफूट बरीचशी रंग लागण्यापूर्वीचीच असते. रंगातील विषारी द्रव्यांचा प्रश्न त्यामुळे टळतो. मात्र आतील काथ्या वेगळा काढावा लागतो, आणि रंग लागलेले तुकडे बाजूला ठेवण्याची शिस्त पाळावी लागते. हा प्रयोग उघड्यावर, प्लास्टिकच्या बादलीत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. द्रावणातून वायू सुटतो, म्हणून भांड्याला झाकण घट्ट लावू नये, आणि अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो याची मुलांना आधी कल्पना द्यावी. प्लास्टरचे तुकडे जितके बारीक तितकी क्रिया लवकर, ही गोष्ट सांगण्यापेक्षा दोन बादल्या शेजारी ठेवून त्यांना ती पाहू द्यावी.

या प्रकल्पाचा पहिला महिना प्रयोगात घालवू नये. तो वजन करण्यात जावा. गटातील मुलांनी ठरावीक चार-पाच कारखान्यांत आठवड्यातून एकदा जावे, त्या आठवड्यात फुटलेला माल तोलावा आणि तो का फुटला हे विचारून लिहावे. साचा जुना झाला होता, ओला असताना उचलला, काथ्या कमी पडला, पावसाचे पाणी शेडमध्ये आले, अशी उत्तरे येतील. कदाचित असेही दिसेल की टाकाऊ माल विरघळविण्यापेक्षा मूळ तुटफूट कमी करणेच सोपे आहे. तसे दिसले तर गटाने आपला हेतू बदलावा. प्रकल्पाचा हेतू मध्येच बदलणे हे अपयश समजले जाते. वस्तुतः ते परीक्षण चालू असल्याचे लक्षण आहे.

मागे वळून पाहताना

समजा, असा प्रकल्प सहा महिने चालला. मार्चमध्ये गट वर्गात बसला आहे. शिक्षकांनी काय विचारावे?

रूढ प्रश्न असा असतो : 'या प्रकल्पातून तुम्ही काय शिकलात?' या प्रश्नाला विद्यार्थी जी उत्तरे देतात ती सर्वांना पाठ आहेत. सहकार्याचे महत्त्व कळले, पर्यावरणाविषयी प्रेम निर्माण झाले, श्रमप्रतिष्ठा समजली. प्रश्न फार मोठा असला म्हणजे उत्तर पोकळ येते. त्याऐवजी नोंदवही उघडावी आणि एखाद्या दिवसावर बोट ठेवावे. अमुक आठवड्यात वजनाची नोंद नाही, ती का? कारखानदाराने आत येऊ दिले नाही, की कोणी गेलेच नाही? तिसऱ्या बादलीतील साका पहिल्या दोन बादल्यांपेक्षा कमी का? एक किलो प्लास्टर निकाली काढावयास रसायनाचा खर्च किती आला, आणि मिळालेल्या खताची बाजारातील किंमत किती? खर्च जास्त आणि किंमत कमी असे निघाले, तर ते तसेच लिहावे. 'आमच्या मोजमापानुसार ही पद्धत घरगुती मूर्तीसाठी योग्य, परंतु कारखान्यातील टाकाऊ मालासाठी परवडणारी नाही' हा निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या दृष्टीने दहा घोषवाक्यांपेक्षा मोलाचा ठरेल. अशा निष्कर्षाला कमी गुण मिळतात हा मूल्यमापनाचा दोष आहे, आणि तो दूर करणे विस्तार अधिकाऱ्यांच्या व केंद्रप्रमुखांच्या हातात आहे.

दुसरा विषय गटाच्या आतील आहे. कोणी काय काम केले हे नोंदवहीतील हस्ताक्षरांवरून कळते. पुष्कळदा असे आढळते की झाडलोट आणि लिखाण मुलींनी केलेले असते, बाहेरच्या भेटींना मुलगे गेलेले असतात आणि पाहुण्यांसमोर बोलावयास वर्गातील तोच एक चुणचुणीत विद्यार्थी पुढे येतो. हमरापूरसारख्या गावात आणखी एक भेद संभवतो. कारखाना ज्यांच्या मालकीचा आहे त्यांची मुले आणि जे तेथे मजुरीला जातात त्यांची मुले एकाच गटात असतात. तुटफुटीचे कारण विचारल्यावर मालकाच्या मुलाने 'मजुराची चूक' असे लिहिले आणि मजुराच्या मुलीने 'साचा जुना' असे लिहिले, तर दोन्ही नोंदी जपून ठेवाव्यात. शिक्षकाने त्यांतील एक पुसू नये. त्या दोन नोंदींवर जी चर्चा होईल ती नागरिकशास्त्राच्या तासाला सहसा होत नाही.

पेण तालुक्यात कातकरी आणि ठाकूर वस्त्याही आहेत. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या कामासाठी कातकरी कुटुंबे गाव सोडतात आणि मुलांची शाळा सुटते, ही रायगड जिल्ह्यातील जुनी व्यथा. शाळेच्या समाजाची सुधारणा करणाऱ्या गटाने आपल्याच पटाकडे पाहावे. प्रकल्प सुरू होताना गटात किती जण होते आणि शेवटी किती राहिले? जे मध्येच गेले त्यांचे नाव अहवालातून गाळले गेले काय? हा प्रश्न विचारण्यास अवघड आहे, पण प्रकल्पाच्या नावात 'समाज' हा शब्द घातल्यावर तो टाळता येत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. मोजमापासाठी कारखान्यात गेलेले मूल हळूहळू तेथे कामाला जुंपले जाऊ नये. घरच्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर मुलांनी हातभार लावण्याला २०१६ च्या दुरुस्तीनंतरच्या बालकामगार कायद्याने काही मर्यादांत मुभा दिली आहे. पण शाळेच्या प्रकल्पाच्या नावाखाली मिळालेले फुकटचे मनुष्यबळ ही निराळी गोष्ट. शिक्षकाने भेटीची वेळ अर्ध्या तासाची ठरवून द्यावी आणि ती पाळली जाते की नाही हे स्वतः जाऊन पाहावे.

पाबळचा अनुभव

गटाच्या कामाचे खरे परीक्षण बाहेरचा माणूस करतो. याचे महाराष्ट्रातील चांगले उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक होते. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथील माध्यमिक शाळेत त्यांनी जो ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू केला त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे चार विभाग होते. मुले वेल्डिंग करीत, वीजजोडणी शिकत, माती तपासत, रक्तगट तपासत, विहिरीसाठी भूजलाची चाचणी घेत. कलबागांचा आग्रह असा की शाळेने ही कामे गावासाठी सेवा म्हणून करावीत आणि त्यांचा मोबदला घ्यावा.

मोबदला घेण्याची ही गोष्ट अनेक शिक्षकांना खटकते. सेवा म्हटल्यावर पैसे कशाला, असे वाटते. परंतु फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल गावकरी तक्रार करीत नाही. 'पोरांनी केले आहे, छान आहे' म्हणून तो पाठ थोपटतो आणि ती वस्तू कोपऱ्यात टाकतो. चार पैसे मोजले की तोच माणूस फाटकाचा सांधा हलतो म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत येतो. त्या तक्रारीत मुलांना जे परीक्षण मिळते ते कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याच्या शेऱ्यात मिळत नाही. हमरापूरच्या गटाने तुटफुटीच्या कारणांचा तक्ता कारखानदाराला द्यावा आणि त्याच्या बदल्यात थोडी रक्कम, निदान वजनकाट्याचा खर्च, मागून पाहावा. तो द्यावयास कोणी तयार झाला नाही, तर तक्ता उपयोगाचा नव्हता असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि तो का नव्हता हा पुढील तासाचा विषय.

येथे एक स्थानिक आठवण समयोचित ठरेल. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. शिक्षणाचे सार त्यांनी योग, उद्योग आणि सहयोग या तीन शब्दांत सांगितले होते. तालुक्यातील शाळांतून विनोबांची जयंती साजरी होते, भाषणे होतात. हमरापूरला उद्योग तर शाळेच्या दारातच उभा आहे. त्याला शिक्षणात बोलावण्याचे काम तेवढे राहिले आहे.

अहवाल कोणापुढे?

प्रकल्पाचा अहवाल आजवर वरच्या दिशेने जात आला आहे : शाळेतून केंद्राकडे, केंद्रातून तालुक्याकडे. तो खाली आणि आजूबाजूला जावा, अशी तरतूद प्रचलित व्यवस्थेत आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असे घालून दिले. हमरापूरच्या भागात या समितीवरील कित्येक पालक स्वतःच मूर्तिकार वा कारागीर असण्याचा संभव आहे. त्यांच्यासमोर मुलांनी आपली मोजमापे ठेवली, तर पहिल्या पाच मिनिटांतच दोन आकडे चुकीचे ठरतील. ही घटना मुलांच्या दृष्टीने भाग्याची मानावी. मुख्याध्यापकांनी मध्ये पडून सारवासारव करू नये.

ग्रामपंचायतीच्या बाबतीतही असेच. गावाचा वार्षिक विकास आराखडा करताना 'बालस्नेही गाव' हा एक विषय म्हणून पंचायतींपुढे ठेवण्यात आला आहे. मुलांसाठी बाके आणि खेळणी खरेदी करणे एवढ्यावर तो थांबतो, कारण मुलांनी स्वतः तयार केलेली माहिती पंचायतीकडे आलेली नसते. गावातील टाकाऊ प्लास्टर कोठे पडते, किती पडते, पावसाळ्यात ते कोणत्या ओढ्याला मिळते, याचा सहा महिन्यांच्या नोंदींवर आधारलेला नकाशा मुलांनी ग्रामसभेत मांडला, तर तो टाकण्यासाठी जागा ठरविणे हा ठराव घेण्याजोगा विषय होतो. ठराव झाला तर त्याची तारीख, आणि न झाला तर कोणत्या कारणाने, हे नोंदवहीत लिहावे. सरपंचांनी 'पुढच्या सभेत पाहू' असे सांगितले, तर तेही शब्दशः लिहून ठेवावे.

वेळापत्रकाविषयी थोडेसे. गणेशोत्सवापूर्वीच्या महिन्यांत कारखान्यांत कोणाला बोलावयास सवड नसते. त्या काळात मुलांचे घोळके तेथे नेणे म्हणजे कारागिरांचा रोष ओढवून घेणे. दिवाळीची सुट्टी संपल्यानंतर, नव्या हंगामाचे काम संथपणे सुरू असते तेव्हा, भेटींचा आरंभ करावा. जानेवारीपर्यंत वजने, फेब्रुवारीत बादल्यांतील प्रयोग, मार्चच्या प्रारंभी परीक्षणाची बैठक आणि त्यानंतरची पहिली ग्रामसभा, असा क्रम वार्षिक परीक्षेच्या आड येत नाही. पटावरून मध्येच गेलेली मुले मे महिन्याच्या अखेरीस वीटभट्ट्यांवरून परततात. त्यांना गटात पुन्हा घेऊन त्यांच्या गैरहजेरीतील पाने दाखवावीत.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर नोंदवही आठवीच्या नव्या वर्गाकडे द्यावी. तिच्याबरोबर वजनकाटा, बादल्या, चाळणी आणि उरलेले रसायन मोजून द्यावे, व नव्या गटाने पहिल्या पानावर त्या वस्तू मिळाल्याची सही करावी. शेवटची चार पाने जुन्या गटाने मुद्दाम कोरी सोडावीत. गणपती गेल्यानंतर नवी मुले त्याच कारखान्यांत जातील तेव्हा गेल्या वर्षीच्या तक्त्यातील कोणती गोष्ट कारागिरांनी खरोखर अमलात आणली आणि कोणती सोडून दिली, हे त्यांना तेथे लिहिता येईल.